गळलेला परिच्छेद

तिचं ते पत्र मला पाठ आहे. पाठ करायचं म्हणून केलं नव्हतं. उत्तर लिहायला बसलो की आधी ते पुन्हा एकदा वाचायचो, आणि उत्तर लिहायला मी इतक्या वेळा बसलो की ते आपोआप पाठ झालं.

पत्र दोनच परिच्छेदांचं होतं. पहिल्यात तिच्या नोकरीची हकिगत होती. गावाबाहेरचं बियाणं तपासायचं केंद्र, दिवसभर काचेखाली बिया, आणि शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ, जे बिया मोजताना त्यांना नावं ठेवत. दुसऱ्यात तिनं लिहिलं होतं की तिथल्या वाचनालयात एक नवी कादंबरी आली आहे, आणि तिच्या एका पानावर छापील चिठ्ठी डकवलेली आहे, कारण एक अख्खा परिच्छेद छापायचाच राहून गेला. 'आत तुझ्या छापखान्याचं नाव आहे. गळला तोही नेमका तोच परिच्छेद. तपासणारा माणूस तपासायचं सोडून ऐकत बसला असणार. वाचणारा तूच होतास ना? असलास तर सुटी काढून ये आणि मला तो वाचून दाखव.'

उत्तर एका कार्डावर मावलं असतं. ते का लिहिलं नाही हे सांगायला मात्र मला बरंच मागं जावं लागेल. सांगणं मला नीट जमत नाही, तेव्हा कुठं पाल्हाळ झालं तर सांभाळून घ्यावं.

कॉलेजात आम्ही एका वर्गात नव्हतो. मी भाषेचा, ती वनस्पतिशास्त्राची. मला सगळे मुखदुर्बळ म्हणत, आणि त्यात कुणाची काही चूक नव्हती. वर्गात हजेरी घेताना माझा आवाज पुढच्या बाकापर्यंतही जात नसे, त्यामुळे दोन वर्षं मी कागदोपत्री बराचसा गैरहजर होतो. पण हातात पुस्तक आलं की मला वाचता येई. स्वतःचं वाक्य बोलायचं झालं की घशाला कोरड पडायची. दुसऱ्या कुणाचं वाक्य असलं की आवाज कसा सुटायचा, मलाच कळत नसे.

ग्रंथालयातली काही पुस्तकं घरी न्यायला मनाई होती. ग्रंथपाल कडक होते, पण त्यांच्या कडकपणाला त्यांनीच एक फट ठेवली होती. मागच्या दाराच्या पायऱ्या इमारतीच्या भिंतीला जोडून होत्या, म्हणून त्या ग्रंथालयातच मोडतात असं ते म्हणत. पुस्तक पायऱ्यांवर चालेल, खाली मातीवर नाही. त्या पायऱ्यांवर बसून मी वाचायचो आणि ती खालच्या पायरीवर मांडीवर फळी घेऊन आकृत्या काढायची. देठांचे, मुळांचे, खोडांचे छेद. त्यांच्या प्रयोगवहीत रेघांनी छटा दिलेली चालत नसे, फक्त टोकदार पेन्सिलीचे ठिपके. तासन् तास ती ठिपके देत बसे. तिला आम्ही ठिपका म्हणायचो, आणि ते नाव तिनं स्वतःहून वहीवर घातलं होतं.

एकदा तिची वही लाल शेरा घेऊन परत आली. खोडाच्या छेदात एका बाजूला ठिपके नको तितके दाट झाले होते. तिनं ते पान माझ्यापुढं धरलं.

"हे बघ. इथं तुझ्या गोष्टीतला म्हातारा वारला. आता बाईंना काय सांगू, खोडाला सुतक आहे म्हणून?"

मी म्हटलं, यापुढं हळू वाचतो. ती म्हणाली की मुकाट्यानं आहे तसं वाच, गुण गेले तर माझे जातील.

शेवटच्या परीक्षेनंतर ती गावी जायला निघाली. नोकरी ठरलेलीच होती. तिला काय सांगायचं ते मी आठवडाभर घोकत होतो. वाक्य फार मोठं नव्हतं. पायऱ्यांपाशी ती सामान घेऊन आली, थांबली, माझ्याकडं बघत राहिली, आणि मी विचारलं, "बस मिळेल ना?" ती म्हणाली, मिळेल. मग आणखी थोडा वेळ थांबून ती गेली, आणि बसही बहुधा मिळाली.

माझी नोकरी वडिलांनी शोधली, आणि कॉलेजातल्या सोबत्यांकडून ती बातमी तिच्यापर्यंतही पोचली. त्यांच्या ओळखीचा एक छापखाना होता, तिथं मुद्रितशोधकाला मदतनीस हवा होता. मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, आणि समोर बसलेला मुद्रितशोधक छापील कच्च्या प्रतीवरून नजर फिरवत चुका टिपणार. वडील खूश होते. वाचायचे पैसे देतात, ते म्हणाले, तुझ्यासारख्याला आणखी काय हवं? मलाही तसंच वाटलं. कॉलेज संपलं तरी पायऱ्या संपल्या नाहीत, असं काहीतरी मी मनात म्हटल्याचं आठवतं. पहिल्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून गेलो आणि दुपारपर्यंत बाहीवर शाई आली.

आमची खोली म्हणजे यंत्रघराच्या कडेला काच लावून काढलेला कोनाडा होता. एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, वर दिवा. काचेपलीकडं यंत्रांची धडधड, अलीकडं आम्ही दोघं. समोरच्या मुद्रितशोधकांना सगळे भिंगकाका म्हणत. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग असायचं आणि ते जेवतानाही काढत नसत. छपाईचे शिशाचे खिळे जुळवणारे म्हणत की काका डब्यातल्या भाजीतसुद्धा चूक शोधतात. त्यांनी मला पहिल्याच तासाला सांगितलं की इथं वाचायचं नाही, उच्चारायचं. विरामचिन्हासकट. स्वल्पविराम असेल तिथं तोंडानं स्वल्पविराम म्हणायचं, पूर्णविराम असेल तिथं पूर्णविराम, परिच्छेद बदलला की नवा परिच्छेद. सगळं एका सुरात, एका वेगात. मधे अर्थ आणायचा नाही.

मी प्रयत्न केला. रेल्वेच्या नियमावल्या आणि औषधांची माहितीपत्रकं होती तोवर जमलंही. पण मधेच एखादं आत्मचरित्र यायचं, एखादा प्रवास यायचा, आणि माझा सूर चढायचा. काका पेन्सिलीनं टेबलावर टकटक करत. मी पुन्हा खाली यायचो. आमच्या मालकांनी मला कायम करायचं की नाही ते अजून ठरवलेलं नव्हतं, आणि घरी धाकट्या बहिणीचं शिक्षण चालू होतं. त्यामुळे खाली येणं भागच होतं.

मग ती कादंबरी आली. एका डॉक्टरीणबाईंनी लिहिलेली होती, त्यांची पहिलीच. कादंबरीतली परिचारिका रोज संध्याकाळी नदीच्या धक्क्यावर एका माणसाची वाट बघते. तो येईन म्हणालेला असतो. पुस्तकाच्या शेवटाकडं एक परिच्छेद आहे, ज्यात ती वाट बघणं थांबवते. ती त्याच्यावर रागावत नाही, रडत नाही. बाकावर त्याच्यासाठी राखलेल्या जागेवरची धूळ हातानं पुसते, ती जागा दुसऱ्या कुणाला बसता येईल अशी करते, आणि निघते. बस्स, एवढंच.

तो परिच्छेद मी सपाट वाचू शकलो नाही. समोर भिंगकाका आहेत हे मी विसरलो. स्वल्पविराम म्हणालो नाही, पूर्णविराम म्हणालो नाही. पायऱ्यांवर सामान घेऊन थांबलेली ती मला दिसत होती, आणि बस मिळेल ना याच्याऐवजी जे म्हणायचं होतं ते मी त्या परक्या बाईंच्या वाक्यांतून म्हणत होतो. वाचून झालं तेव्हा काकांची पेन्सिल टेबलावर आडवी होती. ते काचेतून यंत्रांकडं बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी पेन्सिल उचलली आणि हातानंच पुढं चल अशी खूण केली.

काकांसमोरच्या कच्च्या प्रतीत तो परिच्छेद नव्हताच. खिळे जुळवताना हस्तलिखिताचं एक पान दुसऱ्याला चिकटून उलटलं गेलं होतं. अशा चुका पकडायला तर आम्ही दोघं तिथं बसलेले होतो.

पुस्तक छापून, बांधून बाहेर पडलं. मग एके सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. आवाज चढवला नाही. पुस्तक उघडून मालकांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या की इथं माझी नायिका धक्क्यावरून घरी कशी पोचली, ते मलाच कळत नाही. मालकांचा चेहरा पडला. परिच्छेद छापलेल्या चिठ्ठ्या काढल्या, आणि उरलेल्या प्रत्येक प्रतीत त्या डकवायला अख्खा छापखाना बसला. जुळवणारे, यंत्रवाले, हिशेबनीससुद्धा. बोटं डिंकानं चिकट झाली. कुणीतरी म्हणालं की बाईंनी धक्क्यावरून पाय काढायला फारच वेळ लावला, आणि सगळे हसले. मी मान वर केली नाही.

मालकांनी काकांना सगळ्यांसमोर विचारलं. काका म्हणाले, डोळा लागला माझा, वय झालं. मालक त्यांना वाट्टेल तसं बोलले. काका भिंग पुसत उभे राहिले. मी पुढं होऊन खरं सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी हातातल्या चिठ्ठीला डिंक लावला.

कोनाड्यात परतल्यावर काकांनी दिवा लावला. मग पुढच्या मजकुराचे कागद माझ्याकडं सरकवत म्हणाले, "तू वाचायला लागलास की मला दिसेनासं होतं रे. यापुढं सपाट वाच. माझ्यासाठी."

त्या माणसानं माझ्यासाठी बोलणी खाल्ली होती. मी सपाट वाचायला शिकलो. मन लावून शिकलो, जसं कुणी गाणं शिकतं तसं. चालताना पाट्या सपाट वाचायचो. घरी वर्तमानपत्र तसंच वाचायचो. एकदा जेवताना आईला मी 'आई स्वल्पविराम पाणी दे पूर्णविराम' म्हणालो, आणि बहिणीला हसता हसता ठसका लागला. मीही हसलो. काही दिवसांनी मालकांनी मला कायम केलं. वडिलांनी पेढे वाटले नाहीत इतकंच, बाकी सगळ्या नातेवाइकांना कळवलं.

आणि मग तिचं पत्र आलं.

माझा आनंद काय सांगू. इतक्या दूर बसून, एका डकवलेल्या चिठ्ठीवरून तिनं मला ओळखलं होतं. त्याच रात्री सुटीचा अर्ज लिहिला. सकाळी निघण्याआधी म्हटलं, एकदा वाचून बघू. छापखान्यातली चिठ्ठी माझ्याजवळ होती. दार लावून घेतलं आणि मोठ्यानं सुरुवात केली. ती उठली पूर्णविराम बाकावरची धूळ स्वल्पविराम. पुन्हा सुरुवात केली. विरामचिन्हं गिळली, तर त्यांच्या जागी पोकळी राहिली आणि सूर तसाच. मी त्या परिचारिकेला शोधत होतो आणि ती मला दिसत नव्हती. नुसती अक्षरं दिसत होती, सुटी सुटी, बरोबर.

अर्ज खिशातच राहिला. तिनं बोलावलं होतं ते पायऱ्यांवरच्या वाचणाऱ्याला. तो आता माझ्याजवळ नव्हता, आणि त्याच्या नावावर मी कसा जाणार? वाटलं, थोडे दिवस जाऊ देत. आवाज परत येईल, मग लिहू. थोडे दिवस गेले. दुसरं पत्र आलं नाही. तिला मानी म्हणावं की शहाणी, मला ठरवता येत नाही.

पुढं माझं लग्न झालं, आणि बरं झालं. बायको मनानं मोठी होती. तिला मी कधी काही वाचून दाखवलं नाही, आणि तिनं कधी मागितलं नाही, कारण तिला रेडिओ आवडायचा. मुलगी झाली. काका गेले. खिळे गेले, यंत्रं बदलली, माझी खुर्ची तिथंच राहिली. निवृत्त झालो. बायकोही गेली. मधे एका लग्नात कॉलेजातला एक जुना सोबती भेटला. तो म्हणाला की ठिपका त्याच गावात आहे, केंद्रातून निवृत्त झाली, लग्नबिग्न केलं नाही, घरापुढं रोपवाटिका काढली आहे. पत्ता दिला. तुझी चौकशी करत होती, असंही म्हणाला. पुढं काय म्हणाली ते त्याला आठवत नव्हतं, आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

गेल्या वर्षापासून माझी नात माझ्याकडं राहते. मुलीची मुलगी. कॉलेज संपवून तिला इथं नोकरी लागली. लहानपणापासून तोंडाचा पट्टा असा की तिची आई तिला भोंगा म्हणायची. ती आल्यावर घरात आवाज आला. फ्रिज आणि धुलाईयंत्रं विकणाऱ्या कंपनीत तिला फोनवर तक्रारी घ्यायच्या असतात. काय बोलायचं ती वाक्यं ठरलेली. वरचे अधिकारी मधेच चोरून ऐकतात आणि वाक्य चुकलं तर नोंद होते. सुरुवातीला ती घरी येऊन सगळ्यांच्या नकला करायची. एका काकूंनी धुलाईयंत्रात मांजर बसतं म्हणून तक्रार केली होती, ती नक्कल मला फार आवडायची. हळूहळू नकला कमी झाल्या. येते, जेवते, भिंतीकडं बघत बसते. तिच्या मैत्रिणींचे फोन येतात तेव्हा ती हो, नाही, बरं, एवढंच बोलते.

परवा संध्याकाळी ती गॅसवर दूध ठेवून ओट्यापाशी उभी होती. मी स्वयंपाकघराच्या दारातल्या खुर्चीवर बसता बसता कण्हलो आणि म्हटलं, गुडघा आज फारच दुखतोय.

ती म्हणाली, "आपली अडचण मी समजू शकते."

मग तिला काय बोललो ते कळलं. मी हसायच्या बेतात होतो, पण तिचा चेहरा बघून थांबलो. ती म्हणाली की मागच्या आठवड्यात फोनवर आईशीही असंच झालं, आईनं फोन ठेवला. कॉलेजात मी अशी नव्हते ना, तिनं विचारलं, तुम्ही ऐकलंय ना मला? मी म्हटलं, सगळ्या गल्लीनं ऐकलंय. ती हसली नाही.

"आजोबा, खरं सांगा. हे नंतर जातं का?"

कुणी इतकं महत्त्वाचं मला क्वचितच विचारलं असेल. हो म्हणणं सोपं होतं. पण मला ठाऊकच नव्हतं. छापखान्यातलं सपाट उच्चारणं सोडलं, तर त्या सकाळनंतर मी पुन्हा मोठ्यानं वाचूनच बघितलं नव्हतं. घाबरत होतो, दुसरं काय.

मी तिला तसंच सांगितलं. मग उठून कपाटातून ती कादंबरी काढली, चिठ्ठी डकवलेलं पान उघडलं आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसलो. काय करताय, तिनं विचारलं. म्हटलं, बघतो, गेलंय का ते.

सुरुवात वाईटच झाली. पहिल्या ओळीला जीभ स्वल्पविरामाकडं गेली, ती मी दातांनी अडवली. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला. मी थांबलो. नात म्हणाली, पुढं? नुसतं पुढं, आणखी काही नाही. मी पुढं वाचलं. तो पायऱ्यांवरचा आवाज नव्हता. तो आता कुठून येणार? म्हाताऱ्याचा आवाज होता, मधे दम लागणारा, खरखरीत. पण धक्का मला दिसला. बाक दिसलं. ती हात फिरवून धूळ पुसते ते दिसलं, आणि पहिल्यांदाच माझ्या ध्यानात आलं की त्या बाकावर वाट बघत बसलेली बाई कुणीही असू शकते, आणि ती उठून गेली म्हणून तो माणूस संपला असं लेखिकेनं कुठंही लिहिलेलं नाही. तो आपला कुठंतरी आहेच.

करपल्याचा वास आला तेव्हा परिच्छेद संपत आला होता. दूध ओट्यावरून खाली, तिच्या पावलांपर्यंत आलं होतं. ती गॅसपासून हातभर अंतरावर, भांड्याकडंच तोंड करून उभी होती, आणि तिला ते दिसलं नव्हतं.

मग आम्ही दोघं फडकी घेऊन खाली बसलो. गुडघा दुखतच होता. पुसता पुसता ती बोलायला लागली. त्या बाईनं असं कसं केलं, मी असते तर त्या माणसाच्या घरी जाऊन चार शब्द सुनावून आले असते, आणि तुम्ही इतकी वर्षं हे आम्हाला का वाचून दाखवलं नाहीत, आणि सकाळच्या चहाला आता दूध कुठून आणायचं. पट्टा सुटला होता. किती वेळ सुटलेला राहील मला माहीत नाही. सकाळी तिला पुन्हा तीच वाक्यं बोलायची होती, आणि ती बोलायला गेलीच. जाताना पुस्तकाचं पहिलं पान उघडून माझ्या उशाशी ठेवून गेली. संध्याकाळी सुरुवातीपासून, म्हणाली.

ती गेल्यावर मी पत्र लिहिलं. फार खाडाखोड केली नाही, तरी तीन कागद गेले. लिहिलं की हो, वाचणारा मीच होतो. उशीर का झाला ते थोडक्यात लिहिलं. काकांविषयी लिहिलं. आवाज आता पूर्वीचा नाही, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नये, हेही लिहिलं. पुढच्या महिन्यात येऊ का, असं विचारलं. आणि पायऱ्यांपाशी जे वाक्य घोकून आलो होतो, ते खाली एका ओळीत लिहिलं. लिहिल्यावर ते फारच साधं दिसलं. राहू दिलं.

टपाल कचेरीतल्या बाईंनी पाकीट वजनाला लावलं आणि नोंदणी करून पाठवायचं का विचारलं, म्हणजे पोचल्याचं कळेल. मी म्हटलं, साधंच पाठवा. त्यांनी तिकीट दिलं. ते लावून मी बाहेरच्या पेटीपाशी गेलो. पाकीट अर्धं आत घातलं आणि पत्ता पुन्हा एकदा वाचला. माझ्यामागं एक माणूस स्वतःची पत्रं घेऊन उभा होता. काका, टाकताय ना, त्यानं विचारलं.

मी हो म्हटलं आणि पाकीट सोडलं.